नाव घ्यायला नकार

२३ एप्रिल १९५१ या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीसमोर अडतीस वर्षांचा एक नट शपथ घेऊन बसला. जॉन गारफिल्ड. समितीचं काम देशविरोधी कारवायांचा शोध घेण्याचं होतं आणि तिची नजर चार वर्षांपासून हॉलिवूडवर होती. गारफिल्डने सांगितलं की मी लाल नाही, गुलाबीही नाही, कम्युनिस्टांचा सहप्रवासीही नाही. मतदानाने डेमोक्रॅट, वृत्तीने उदारमतवादी आणि प्रत्येक कृतीने या देशाचा एकनिष्ठ नागरिक आहे. माझं आयुष्य उघडं पुस्तक आहे. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालायला माझी हरकत नाही, असंही तो म्हणाला. समितीला हवं होतं ते ऐकवायचा त्याने प्रयत्न केला.

फक्त एक गोष्ट त्याने दिली नाही. तुझ्या ओळखीत कम्युनिस्ट कोण कोण होते, हा खरा प्रश्न होता. त्याने सांगितलं, मी कोणालाच ओळखत नाही.

कोणाचाही यावर विश्वास बसला नाही. बसणं कठीणही होतं. न्यूयॉर्कच्या ज्या नाटकमंडळीत तो वाढला तिथे कम्युनिस्ट होते, सगळ्यांना माहीत होते. त्याची पत्नी रॉबर्टा स्वतः काही काळ पक्षाची सदस्य होती. आपल्याकडे 'नाव घे' हा लग्नघरातला लाडिक आग्रह असतो. बायको नवऱ्याचं नाव घेते, नवरा बायकोचं, आणि सगळे हसतात. वॉशिंग्टनच्या त्या खोलीत 'नाव घे' म्हणजे काय होतं हे लक्षात घेतलं की गारफिल्डच्या त्या अडखळत्या, पटू नये अशा उत्तराकडे मला वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. तो खोटं बोलला असेल, पण ते खोटं कोणाला वाचवण्यासाठी होतं?

तेरा महिन्यांनी तो गेला. वय एकोणचाळीस. सिनेमाच्या काळ्या यादीने, म्हणजे ज्यांना काम द्यायचं नाही अशांच्या यादीने, मारलेला हुतात्मा म्हणून त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याचं हृदय लहानपणच्या तापाने आधीच अधू झालं होतं, असंही उलट बाजूने सांगितलं जातं. ते खरं आहे. मृत्यूचं कारण काय होतं हे डॉक्टरांनी ठरवावं. मला विचारायचंय ते वेगळं. या माणसावर एकही खटला झाला नाही, एकही आरोप कोर्टात सिद्ध झाला नाही, तो पक्षाचा सदस्य होता याचा पुरावा कधी सापडला नाही. मग त्याचं काम कोणी काढून घेतलं, आणि कोणत्या अधिकाराने?

माझं उत्तर स्पष्ट आहे. ते समितीने काढून घेतलं नाही. समितीकडे कोणालाही नोकरीवरून काढायची ताकदच नव्हती. ते काढून घेतलं काम देणाऱ्यांनी, आणि सत्तर वर्षं उलटली तरी या प्रकरणात आपण बोट दाखवतो ते चुकीच्या माणसांकडे.

गारफिल्ड कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेकब ज्युलियस गारफिंकल हे त्याचं खरं नाव, जन्म ४ मार्च १९१३, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवरचा. आईबाप रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू. बाप कपड्यांच्या धंद्यात इस्त्रीकाम करायचा आणि सणावारी प्रार्थनागीतं गायचा. आई तो सात वर्षांचा असताना गेली. मग नातेवाइकांकडे राहणं, ब्रॉन्क्सच्या गल्ल्या, टोळक्यांमधल्या मारामाऱ्या, उनाडक्या. असल्या पोराला शाळेतून काढून टाकणं सोपं होतं. ब्रॉन्क्सच्या पंचेचाळीस नंबरच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक अँजेलो पॅट्री यांनी तसं केलं नाही. ते स्वतः इटलीतून आलेल्या स्थलांतरितांच्या घरातले. मुष्टियुद्ध आणि वक्तृत्व या दोन गोष्टींत त्यांनी या पोराला गुंतवलं, आणि बोलता बोलता तो नाटकापर्यंत पोचला. गारफिल्डने पुढे अनेकदा याचं श्रेय पॅट्रींना दिलं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण या माणसाच्या आयुष्याच्या एका टोकाला असा शिक्षक आहे ज्याने वाया जाऊ शकणाऱ्या पोराचं मागचं खातं उघडलं नाही, आणि दुसऱ्या टोकाला एक अख्खा उद्योग आहे ज्याने फक्त मागचंच खातं उघडलं.

१९३१मध्ये हॅरोल्ड क्लर्मन, ली स्ट्रासबर्ग आणि चेरिल क्रॉफर्ड यांनी न्यूयॉर्कला ग्रूप थिएटर काढलं. महामंदीचे दिवस होते. बँका बुडत होत्या, लोक फुकट पावासाठी रांगा लावत होते. ही मंडळी एकत्र राहून, एकत्र जेवून, तालमी करून नाटकं उभी करत होती. एकटा तारा चमकवायचा नाही, अख्ख्या संचाने नाटक पेलायचं हा त्यांचा हट्ट होता. गारफिल्ड तिथे आला आणि क्लिफर्ड ओडेट्सच्या १९३५च्या 'अवेक अँड सिंग!'मध्ये ब्रॉन्क्समधल्या गरीब ज्यू घरातला तरुण मुलगा झाला. म्हणजे जवळजवळ स्वतःच. या मंडळीत काहीजण कम्युनिस्ट पक्षात गेले. त्या दशकात हा पक्ष अमेरिकेत उघडपणे निवडणुका लढवत होता. बेकारी, काळ्या लोकांवरचा अन्याय, हिटलरचा धोका यांवर मोठ्याने बोलणाऱ्या मोजक्या संघटनांत तो होता. विशीतली नट-नट्या, ज्यांच्या घरी भाडं द्यायला पैसे नव्हते, ती तिकडे ओढली गेली यात गूढ काही नाही. पुढे त्यांतले बहुतेक बाहेरही पडले, काही वैतागून, काही मॉस्कोच्या तालावर नाचायचा कंटाळा येऊन. पंधरा वर्षांनी समितीने जे उकरलं ते हे.

१९३७मध्ये ओडेट्सचं 'गोल्डन बॉय' आलं. व्हायोलिन आणि मुष्टियुद्ध यांच्यामध्ये फाटलेल्या तरुणाची ही भूमिका आपल्याला मिळणार असं गारफिल्ड धरून चालला होता. ती ल्यूथर अॅडलरला गेली, गारफिल्डला दुय्यम काम मिळालं. तो दुखावला आणि वॉर्नर ब्रदर्सशी करार करून हॉलिवूडला गेला. करारात नाटकात काम करायची मुभा मात्र त्याने लिहून घेतली होती.

१९३८चा 'फोर डॉटर्स' आज पाहायला बसलं तर सुरुवातीला कंटाळा येतो. सुखवस्तू संगीतप्रेमी घर, चार गोड मुली, फुलं, वाढदिवस. आणि मग दारातून एक चुरगळलेल्या कपड्यांचा माणूस आत येतो. पियानोवर बसतो, तोंडाच्या कोपऱ्यात सिगारेट, वाजवता वाजवता बोलत राहतो की नशीब आपल्याविरुद्ध आहे, वर बसलेलं कोणीतरी आपल्याला सुखाने जगू देत नाही. अख्खा सिनेमा त्या क्षणी बदलतो. बाकीचे सगळे अभिनय करतायत आणि हा रस्त्यावरून चुकून सेटवर आलाय असं वाटतं. पहिल्याच मोठ्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. ब्रँडो, मॉन्टगोमेरी क्लिफ्ट, जेम्स डीन यांच्याबद्दल जे बोललं जातं, पडद्यावरचा अस्वस्थ, शहरी, आतून धुमसणारा तरुण, ते त्यांच्या दहा वर्षं किंवा त्याहूनही आधी गारफिल्डने करून ठेवलं होतं. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकातला स्टॅन्ली आधी त्यालाच विचारला गेला होता. त्याने नाही म्हटलं, आणि ब्रँडोचा रस्ता मोकळा झाला.

वॉर्नरने त्याला पुढची काही वर्षं तेच तेच दिलं. नाडलेला, तुरुंगातून सुटलेला, पळणारा. त्याने नाही म्हटलं की कंपनी त्याला निलंबित करी, पगार बंद. असं अनेकदा झालं. मग युद्ध आलं. अधू हृदयामुळे सैन्याने त्याला घेतलं नाही. तेव्हा त्याने बेटी डेव्हिसबरोबर हॉलिवूड कँटीन उभं केलं. १९४२च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं: आघाडीवर निघालेल्या सैनिकांना तिथे जेवण फुकट, गाणं-नाच फुकट, आणि वाढायला, भांडी घासायला सिनेमातले मोठमोठे तारे. काळ्या आणि गोऱ्या सैनिकांना तिथे एकत्र प्रवेश होता, त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. युद्धावर आंधळा होऊन परतलेल्या अल शमिड या खऱ्या सैनिकाची भूमिका त्याने 'प्राइड ऑफ द मरीन्स'मध्ये केली. 'प्रत्येक कृतीने एकनिष्ठ' असं तो समितीला म्हणाला तेव्हा त्यामागे हे सगळं होतं. समितीच्या लेखी त्याला काडीची किंमत नव्हती. कँटीनमध्ये घासलेली भांडी निष्ठेच्या खात्यात जमा होत नव्हती.

१९४६मध्ये वॉर्नरचा करार संपला आणि त्याने नव्याने करार करायला नकार दिला. बॉब रॉबर्ट्सबरोबर स्वतःची निर्मितीसंस्था काढली. मोठ्या नटाने स्टुडिओ सोडून स्वतः निर्माता व्हायचं ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. पहिला सिनेमा 'बॉडी अँड सोल', १९४७. गरीब ज्यू वस्तीतला मुष्टियोद्धा, पैशासाठी आत्मा विकत जाणारा, आणि शेवटी ठरवून हरायच्या सामन्यात हरायला नकार देणारा. पटकथा अब्राहम पोलोन्स्कीची, दिग्दर्शन रॉबर्ट रॉसनचं. त्यात काळा मुष्टियोद्धा झालेला कॅनडा ली ही भूमिका अशा सन्मानाने उभी करतो की त्या काळच्या इतर सिनेमांतल्या काळ्या पात्रांशी तुलनाच होत नाही. गारफिल्डच्या आईची भूमिका अॅन रेव्हिअरची. दुसरा सिनेमा 'फोर्स ऑफ इव्हिल', १९४८, लेखन-दिग्दर्शन पोलोन्स्कीचं. आकड्यांच्या जुगाराच्या धंद्यातला वकील आणि त्याचा भाऊ. जुगार आणि वॉल स्ट्रीट यांतली भिंत किती पातळ आहे याची गोष्ट. संवाद जवळजवळ कवितेसारखे. शेवटी गारफिल्ड पुलाखाली, नदीकाठी भावाचं प्रेत शोधायला दगडी पायऱ्या उतरत जातो. त्या पायऱ्या संपत नाहीत असं वाटतं. मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय आणि दरवेळी त्या उतरण्यापाशी माझा श्वास अडकतो.

या दोन सिनेमांच्या श्रेयनामावलीकडे पाहा. पोलोन्स्कीने नावं द्यायला नकार दिला आणि 'फोर्स ऑफ इव्हिल'नंतर त्याच्या नावाने दिग्दर्शित झालेला पुढचा सिनेमा यायला १९६९ साल उजाडलं. अॅन रेव्हिअर, ऑस्कर मिळालेली नटी, हिला सुमारे वीस वर्षं सिनेमात काम नव्हतं. रॉसनने आधी नकार दिला, दोन वर्षं उपाशी बसला, आणि १९५३मध्ये परत येऊन पन्नासहून जास्त नावं दिली. कॅनडा लीला टीव्हीची दारं बंद झाली. अमेरिकी सिनेमाला आपल्या रस्त्यांबद्दल, पैशाबद्दल, वर्णाबद्दल खरं बोलायला शिकवू पाहणारा हा एकच गट होता, आणि तो अख्खा उचलून बाहेर फेकला गेला.

आता ज्या यंत्राने हे केलं त्याकडे येतो.

१९४७च्या ऑक्टोबरात समितीने हॉलिवूडच्या साक्षी घेतल्या. दहा लेखक-दिग्दर्शकांनी उत्तरं नाकारली. हम्फ्री बोगार्टसह अनेक तारे त्यांच्या पाठिंब्याला विमानाने वॉशिंग्टनला गेले; संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीच्या, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या, नावाने काढलेल्या त्या मंडळात गारफिल्डचीही सही होती. महिनाभरात वारं फिरलं. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात सिनेमाकंपन्यांचे पन्नासेक मालक-प्रमुख जमले आणि त्यांनी जाहीर केलं: या दहांना काढत आहोत, आणि यापुढे माहीत असताना कम्युनिस्टाला काम देणार नाही. सरकारने हे करायला सांगितलं नव्हतं. तसा कायदा नव्हता. तो एका हॉटेलात मालकांनी आपापसात केलेला करार होता. पुढच्या वर्षी बोगार्टने आपण कम्युनिस्ट नाही, फसलो होतो, असा लेख लिहिला.

२२ जून १९५० रोजी 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका आली. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याने कधी कुठे सही केली, कोणत्या सभेला गेला, कशाला वर्गणी दिली याची जंत्री. त्यात गारफिल्ड होता. पुस्तिका काढली होती सरकारने नव्हे, पूर्वी एफबीआयमध्ये असलेल्या काही माणसांच्या खाजगी कंपनीने. तीन दिवसांनी कोरियात युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये अभिनेत्री जीन म्यूरला एका टीव्ही मालिकेतून काढलं गेलं. निषेधाचे मोजके फोन आले होते, आणि प्रायोजक जेली-खाऊ विकणारी कंपनी होती. वादग्रस्त माणूस आमच्या मालाला परवडत नाही, एवढंच कारण. तिने काही केलं होतं का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. 'वादग्रस्त' हा शब्द पुरेसा होता.

मला या सगळ्यात सर्वांत भयंकर वाटते ती ही साखळी. पुस्तिकावाला म्हणतो, मी फक्त छापील माहिती एकत्र केली. ग्राहक म्हणतो, मी फक्त फोन केला. प्रायोजक म्हणतो, मी ग्राहकाला घाबरलो. स्टुडिओ म्हणतो, मी प्रायोजकाला आणि बँकेला घाबरलो. समिती म्हणते, आम्ही तर कोणालाच काढलेलं नाही. माणूस मात्र घरी बसतो आणि त्याला कोणाविरुद्ध दाद मागावी हे कळत नाही, कारण शिक्षा झाली आहे पण शिक्षा देणारा कोणी नाही.

समितीसमोर रस्ते तीन होते. पहिला, स्वतःविरुद्ध साक्ष न द्यायचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन गप्प बसणं. अॅन रेव्हिअरने तो घेतला आणि काम गेलं. दुसरा, नावं देणं. स्टर्लिंग हेडनने गारफिल्डच्या तेरा दिवस आधी तो घेतला, काम टिकलं, आणि बारा वर्षांनी आत्मचरित्रात त्याने स्वतःबद्दल जी घृणा लिहिली ती वाचवत नाही. लॅरी पार्क्सने तर समितीपुढे विनवलं होतं की मला चिखलातून सरपटत जाऊन खबऱ्या व्हायला लावू नका. शेवटी त्याने नावं दिली, तरी काम गेलंच. गारफिल्डने तिसरा रस्ता शोधला: स्वतःबद्दल हवं ते विचारा, तुमच्या समितीलाही माझा विरोध नाही, पण दुसऱ्याबद्दल मला काही माहीत नाही. हा शूराचा रस्ता नव्हता. पोलोन्स्की दोनच दिवसांनी त्याच समितीसमोर ताठ उभा राहिला, त्याच्या तुलनेत गारफिल्ड वाकलेला दिसतो. मला ते लपवायचं नाही. पण वाकूनही त्याचं काम झालं नाही, हा खरा मुद्दा आहे. देशनिष्ठेची कबुली त्यांना नको होतीच. एडवर्ड जी. रॉबिन्सनसारखा बुजुर्ग नट परत परत समितीसमोर गेला, शेवटी १९५२मध्ये मी मूर्ख बनलो असं कबूल केलं तेव्हा त्याला थोडी सुटका मिळाली, आणि तीही दुय्यम सिनेमांपुरती.

मराठ्यांच्या काळात आपल्याकडे दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा. हात भाजला नाही तर माणूस खरा. न्यायाची ती रीत आज आपल्याला रानटी वाटते. पण त्यात हात निदान ज्याचा त्याचा असे. इथे तेलात हात घालायचा होता तो मित्राचा, आणि तो भाजला की तुम्ही शुद्ध.

याच्या विरुद्ध बाजूने जे बोललं जातं ते मी हलकं समजत नाही. सोव्हिएत हेरगिरी ही कल्पना नव्हती. अणुबाँबची माहिती खरोखर मॉस्कोला पोचली होती. स्टालिनच्या छावण्यांत लाखो माणसं मरत होती आणि अमेरिकी पक्ष त्याबद्दल खोटं बोलत होता. हॉलिवूडमधले काही कम्युनिस्ट मॉस्कोची भूमिका बदलली की रातोरात स्वतःची बदलत, आणि आपल्यातल्याच वेगळं लिहिणाऱ्याला झापत. हे सगळं मान्य. पण हेराला पकडायचं तर पुरावा, आरोपपत्र, न्यायालय असतं. एखाद्या नटाने १९३०च्या दशकात स्पेनच्या लोकशाहीसाठी वर्गणी दिली यातून कोणतं गुपित फुटलं? समितीला बहुतेक नावं आधीच ठाऊक होती, असंही नावं देणाऱ्यांच्या बचावासाठी सांगतात. मला तो बचाव उलटा वाटतो. नावं माहीत असताना ती त्याच माणसाच्या तोंडून वदवून घ्यायची असतील, तर माहिती मिळवणं हा हेतू उरत नाही. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणं एवढाच उरतो.

दुसरा युक्तिवाद जास्त अवघड आहे. खाजगी कंपनीने कोणाला घ्यावं हा तिचा प्रश्न, प्रेक्षकाने कोणाचा सिनेमा पाहू नये हे त्याचं स्वातंत्र्य. प्रेक्षकाबद्दल मी पूर्ण सहमत आहे. मला एखाद्या नटाची मतं असह्य झाली तर मी तिकीट काढणार नाही. पण पन्नास मालक एका खोलीत बसून ठरवतात की अमुक माणसाला आपल्यापैकी कोणीच काम द्यायचं नाही, तेव्हा ते निवड करत नसतात. ते त्या माणसाच्या पोटावर कोर्टाशिवाय निकाल देत असतात. प्रेक्षकाला तर निवडायची संधीच मिळाली नाही. गारफिल्डचे सिनेमे लोकांनी नाकारले असते तर गोष्ट वेगळी होती. लोकांपुढे ते आलेच नाहीत. रेडिओ निवेदक जॉन हेन्री फॉक याने १९५६मध्ये अशाच एका यादीवाल्या संस्थेवर खटला भरला आणि १९६२मध्ये तो जिंकला, ज्यूरीने लाखो डॉलरची भरपाई ठरवली. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पण निदान एका न्यायालयाने म्हटलं की ही निवड नव्हे, ही इजा आहे.

इथे मला मुंबई आठवते, कारण वर्षं तीच आहेत. १९४९च्या आसपास मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना कवी मजरूह सुलतानपुरी यांना नेहरूंवरच्या एका कवितेबद्दल तुरुंगात टाकलं गेलं. माफी मागा, सुटाल, असं सांगितलं. त्यांनी मागितली नाही आणि सुमारे दोन वर्षं आत काढली. बलराज साहनीही त्याच सुमारास आत होते, आणि 'हलचल'च्या चित्रीकरणाला तुरुंगातून पोलिसांच्या पहाऱ्यात येत असत. म्हणजे आपल्याकडे सरकारने ते केलं जे अमेरिकी सरकारने गारफिल्डला कधी केलं नाही: गजांआड टाकलं. मी त्याचं समर्थन करणार नाही. पण तुरुंगाबाहेर काय झालं ते पाहा. निर्मात्यांनी साहनींना काढून टाकलं नाही, चित्रीकरण त्यांच्यासाठी थांबवलं-जुळवलं. सुटल्यावर १९५३मध्ये 'दो बीघा जमीन' आला. मजरूह पुढे चार दशकांहून अधिक काळ गाणी लिहीत राहिले आणि १९९३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आपले निर्माते हॉलिवूडच्या मालकांपेक्षा थोर होते असं मी म्हणत नाही. धंद्याची घडी वेगळी होती, पाच-सात स्टुडिओंच्या मुठीत सगळं नव्हतं. पण फरक मोठा आहे. सरकारी तुरुंगाला दार असतं आणि मुदत असते. मालकांनी मनात धरलेल्या भीतीला दोन्ही नसतं.

म्हणूनच आज एखाद्या नटाला किंवा गायिकेला कोणीतरी घोळक्याने विचारतं, 'तू गप्प का? बोल. निषेध कर. अमक्याशी संबंध नाही असं जाहीर कर,' तेव्हा मी घोळक्याकडे कमी पाहतो. घोळके येतात, जातात, त्यांची बाजू कधी डावी असते कधी उजवी. मी पाहतो त्या निर्मात्याकडे, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे, जाहिरात देणाऱ्या कंपनीकडे. ते म्हणतात, 'आम्हाला वाद नको', आणि करार शांतपणे पुढे ढकलतात. १९५०मध्ये जीन म्यूरला काढलं तेव्हाही कोणाला वाद नको होता.

गारफिल्डचा शेवटचा सिनेमा 'ही रॅन ऑल द वे' १९५१च्या उन्हाळ्यात आला, त्याच्या साक्षीनंतर. दिग्दर्शक जॉन बेरीला देश सोडून फ्रान्सला जावं लागलं. पटकथेत त्या दहांतल्या डाल्टन ट्रम्बोचा हात होता, पण नाव दुसऱ्याचं लावावं लागलं. त्यानंतर गारफिल्डला पडद्यावर काम मिळालं नाही. साक्षीत तो खोटं बोलला का याची एफबीआय तपासणी करत होती. एका मासिकासाठी त्याने लेख लिहायला घेतला होता, मी कसा फसलो याचा. शीर्षकात मुष्टियुद्धातल्या 'लेफ्ट हूक'वरचा, म्हणजे डाव्या ठोशावरचा श्लेष होता. तो लेख छापला गेला नाही.

१९५२च्या मार्चमध्ये ब्रॉडवेवर 'गोल्डन बॉय' पुन्हा उभं राहिलं आणि पंधरा वर्षांपूर्वी हुकलेली ती भूमिका शेवटी गारफिल्डला मिळाली. नाटकात त्याच्या बापाचं काम ली जे. कॉब करत होता. पुढच्या वर्षी त्यानेही समितीला नावं दिली. खेळ एप्रिलच्या सुरुवातीला थांबला. १० एप्रिलला ग्रूप थिएटरमधला जुना सोबती एलिया कझान समितीसमोर गेला आणि त्याने त्या मंडळीतली आठ नावं दिली. ९ मे रोजी कॅनडा ली वारला. १९ आणि २० मे या दोन दिवशी क्लिफर्ड ओडेट्सची साक्ष झाली, ज्याच्या शब्दांनी गारफिल्डला नट केलं होतं तो ओडेट्स. त्यानेही नावं दिली. २१ मेच्या सकाळी ग्रॅमर्सी पार्कजवळच्या एका मैत्रिणीच्या घरी जॉन गारफिल्ड मृतावस्थेत सापडला.

अंत्यविधीला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दहा हजारांवर माणसं जमली. मूकपटांचा तारा व्हॅलेंटिनो याच्यानंतर कोणा नटासाठी एवढी गर्दी झाली नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. ज्या प्रेक्षकांच्या नावाने त्याचं काम बंद केलं होतं, ते हे प्रेक्षक होते.